वेळण्याचं पाणी

डॉ. अश्लेषा बर्वे यांनी सातव्या प्रकरणातला समुद्र खोडून टाकला. थोडाथोडका नव्हे, सबंध समुद्र. हर्षालीनं आठवडाभर खपून तो काळाकुट्ट केला होता, वर धुकं पसरलं होतं, लाटा मुक्या केल्या होत्या. मॅडमनी त्या सगळ्यावर एक आडवी रेघ ओढून बाजूला लिहिलं होतं, "पाणी असं काळं होत नाही. ते नेहमीसारखंच दिसतं. अडचण तीच आहे."

"मग वाचकाला भीती कशी वाटायची?" हर्षालीनं विचारलं.

"ते तुमचं काम. माझं काम पाण्याचं," मॅडम म्हणाल्या आणि आठव्या प्रकरणाकडे वळल्या.

सन २०४३ मधली ही गोष्ट. कोकण किनाऱ्यावरच्या एका समुद्र संशोधन संस्थेच्या लक्षात आलं होतं, की आपली रोजची पत्रकं कुणी वाचत नाही. तेव्हा एकेका शास्त्रज्ञाला एकेक लेखक जोडून द्यायचा आणि बदलत्या समुद्राच्या गोष्टी लिहून घ्यायच्या, असं तिथं ठरलं. विज्ञान खरं, माणसं काल्पनिक. हर्षाली कुबल ही त्यातल्या त्यात नाव असलेली कादंबरीकार, म्हणून तिला बोलावलं. बर्वे मॅडम कशा आल्या, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "बाकीचे वेळेवर नाही म्हणाले. मी रजेवर होते."

साठीच्या, उंच, काटकुळ्या, चहात साखर किती हेसुद्धा ग्रॅममध्ये सांगणाऱ्या या बाईंशी आपलं कसं जमणार, अशी हर्षालीला पहिल्या दिवशी धास्ती वाटली होती. पण जमलं. कामाची एक रीतही बसून गेली. हर्षाली म्हणायची, "मॅडम, समजा..." आणि पुढे मनाला येईल ते सांगायची. मॅडम डोळे मिटून ऐकायच्या आणि मग तसं झालं तर समुद्र काय करील ते सांगायच्या. कधी म्हणायच्या, "असं होणारच नाही." मग हर्षाली रुसायची आणि दुसरं 'समजा' काढायची.

गोष्टीचा विषय होता दम कोंडलेलं पाणी. समुद्र श्वास घेतो तो वरून. वारा, लाटा, पाऊस यांच्या घुसळणीतून हवेतला प्राणवायू पाण्यात उतरतो. अरबी समुद्रात मात्र शंभर-दीडशे मीटर खाली गेलं, की एक जाड थर लागतो. तिथल्या पाण्यानं वर्षानुवर्षं वारा पाहिलेला नसतो. वरून जे मेलेलं, कुजलेलं खाली पडतं ते कुजता कुजता तिथला उरलासुरला प्राणवायूही संपवतं. हा थर आजचा नाही. पावसाळ्यात वारे आणि प्रवाह त्याला दर वर्षी किनाऱ्याकडे ढकलतात आणि वारे फिरले की तो परत जातो. पण समुद्र तापत गेला तसं वरचं ऊन पाणी हलकं होऊन दुधावरच्या सायीसारखं पडून राहायला लागलं. घुसळण कमी झाली. ऊन पाण्यात प्राणवायू मुळात कमीच मावतो. त्यामुळे खालचा थर जाड झाला, वर चढला, आणि अलीकडे काही वर्षी तर तो थेट बंदरांच्या उंबऱ्याशी येऊन टेकायला लागला. आवाज नाही, रंग नाही. तळाला घसटत येतो आणि पळता न येणारं जे काही असेल ते मारून जातो.

तो नेमका कुठं आहे हे कळावं म्हणून संस्थेनं समुद्रात लाल टोपणाची नारळाएवढी यंत्रं सोडली होती. ती बुडी मारायची, तळाशी जाऊन प्राणवायू मोजायची, वर येऊन आकडे पाठवायची आणि पुन्हा बुडायची. कोळी त्यांना लाल नारळ म्हणत. सुरुवातीला जाळ्यात सापडलेले काही नारळ घरोघरी तुळशीपाशी मांडले गेले आणि समुद्र अंगणात येऊन राहिल्यासारखे आकडे संस्थेकडे येऊ लागले. ती गंमत संपली, आणि आता हजारो नारळांच्या आकड्यांवरून पाणी पुढे कुठं सरकेल याचं गणित मांडता येत होतं.

हर्षालीला या गोष्टीतलं गाव हवं होतं ते पूर्ण खोटं. त्याला कारण होतं. तिच्या पहिल्या कादंबरीत तिनं आपलं माहेर, मालवणच्या खालच्या अंगाचं आडबंदर, नावानिशी बुडवलं होतं. सालसुद्धा दिलं होतं, २०४०. कादंबरी गाजली. २०४० साल आलं, गेलं, आडबंदर जिथल्या तिथं. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. गावात सोयरिकी येईनाशा झाल्या. बुडणाऱ्या गावात मुलगी कोण देणार? तिच्या सख्ख्या भावाच्या, रुपेशच्या मुलाची दोन स्थळं ठरता ठरता फिरली. एका मुलीच्या बापानं तर कादंबरीच हातात घेऊन नकार कळवला. रुपेश म्हणजे आडबंदरच्या रापणीचा, गावाच्या सामाईक जाळ्याचा, मुख्य, गावात शब्दाला वजन असलेला माणूस. त्यानं फोन करून एवढंच सांगितलं होतं, "तू आमका एकदा बुडवलंस. आता खय दुसरीकडे जावन बुडव." त्यानंतर त्यानं तिचा फोन उचलला नव्हता, आणि तीन गणपती ती माहेरी गेली नव्हती. त्याच कादंबरीला पुरस्कार मिळाला त्या संध्याकाळी तिला सगळ्यात जास्त आठवण त्याची आली होती.

म्हणून आता गाव खोटं. तिनं त्याचं नाव ठेवलं वेळणे.

"वेळण्याचा तळ काढून द्या," मॅडम म्हणाल्या. "पाणी तळावरून येतं. तळ कसा आहे ते कळल्याशिवाय ते कुठं वळेल हे मी सांगू शकत नाही."

हर्षालीनं पेन्सिल घेतली. घोड्याच्या नालेच्या आकाराचं बंदर काढलं. दक्षिणेला काळी खडपं, उत्तरेला खाडीचं मुख, मुखावर वाळूचा दांडा. बंदराच्या मध्याला खड्ड्यासारखी एक खोल जागा, तिला तिनं लिहिलं रांजण. रांजणातून एक चिंचोळी घळ बाहेर खोल समुद्राकडे जाणारी. हात न थांबता तिनं ठिकठिकाणी खोली लिहीत नेली. मॅडमनी कागद बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाल्या, "बरं काढलंय. मन लावून काढलंय."

दोन दिवसांनी, भाद्रपद संपता संपता, मॅडमनी तिला पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर वेळण्याचं बंदर होतं. बाहेरून एक जांभळी जीभ घळीतून आत शिरली, रांजणात उतरली, तो भरला, आणि मग काठोकाठ सगळीकडे पसरली.

"आलं तुमचं पाणी," मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारी पहाटे."

"वा. पण गोष्टीत मला ते दिवाळीत आणायचंय. घरोघरी कंदील लागलेत आणि..."

"ते तुम्ही बघा. गणिताची सुरुवात म्हणून खोटं पाणी कुठं बनवत बसायचं, म्हणून मी सोमवारचंच पाणी घातलं. लाल नारळांनी पाठवलेलं."

"सोमवारचं म्हणजे, कालचं?"

"कालचं. गाव खोटं आहे, त्यामुळे काळजीचं कारण नाही." मॅडम किंचित हसल्या, जे त्या क्वचितच करत. "तो रांजण मात्र तुम्हाला फार छान सुचला. तो आणि ती घळ नसती तर पाणी बाहेरच्या बाहेर गेलं असतं."

"तो मला सुचलेला नाही," हर्षाली म्हणाली. "आमचे बाबा नांगर टाकायचे तिथं. दोर पुरायचा नाही. मॅडम, हे आडबंदर आहे."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी संस्थेचं त्या दिवसाचं पत्रक उघडलं. आडबंदरवर पिवळा रंग होता. पिवळा म्हणजे सावध राहा. तो सबंध किनाऱ्यावर दोन महिने होता आणि त्यामुळे कुणीच सावध नव्हतं. संस्थेच्या गणितात आडबंदरचं बंदर म्हणजे एकच ठिपका होता, सगळीकडे सारख्याच खोलीचा. रांजण त्यात नव्हताच. मॅडमनी वरिष्ठांना लगेच कळवलं. वरिष्ठांचं उत्तरही लगेच आलं आणि चुकीचं नव्हतं: एका कादंबरीकार बाईंनी आठवणीतून काढलेल्या तळावर धोक्याचा इशारा कसा द्यायचा? आधी बोट पाठवून खोली मोजू. बोट पुढच्या आठवड्यात मोकळी होती.

मॅडमनी सुरुवातीचे आकडे थोडे थोडे बदलून तेच गणित वीस वेळा मांडलं. तेरा वेळा पाणी आत आलं. सात वेळा ते घळीच्या तोंडाशी येऊन परत गेलं.

आडबंदरात त्या दिवसांत रांजणाच्या अवतीभवती पिंजरे होते. पिंजरे म्हणजे तरंगत्या चौकटीला खाली टांगलेली मोठाली जाळी, आणि त्यात वाढवलेले चोणक, ज्याला वर रायगडाकडे जिताडा म्हणतात. समुद्रातली मासळी बेभरवशाची झाल्यापासून गाव त्यावर उभं होतं. पावसाळ्यात पिंजरे खाडीत आत नेऊन ठेवायचे आणि नारळी पौर्णिमेनंतर बाहेर आणायचे, अशी रीत. या खेपेचा मासा दोन वर्षं वाढवलेला होता आणि दिवाळीआधी निघायचा होता. मोकळा मासा दम कोंडला तर पळतो. पिंजऱ्यातला कुठं पळणार?

हर्षालीनं रुपेशला फोन लावला. त्यानं उचलला नाही. वहिनीनं उचलला आणि हळूच म्हणाली, "घरात नाय म्हणान सांग म्हणतत."

बुधवारी सकाळी दोघी मॅडमच्या गाडीतून निघाल्या. कुडाळ मागे पडल्यावर हर्षालीनं विषय काढला.

"मी सांगणार, नक्की येणार म्हणून," हर्षाली म्हणाली. "शंभर टक्के. तेरा नि सात करत बसलो तर कुणी दोर हातात घ्यायचं नाही."

"मग मी गाडी फिरवते."

"मॅडम, ही काही परीक्षा नाही. दोन वर्षांचा मासा आहे त्यांचा."

"आणि नाही आलं तर? पुढच्या वेळी खरंच येणार असेल तेव्हा काय सांगाल?" मॅडम रस्त्यावरची नजर न हटवता बोलत होत्या. "तुम्ही याआधी एकदा नक्की म्हणून सांगितलंयत. त्याचं काय झालं ते तुम्हीच मला सांगितलंत."

हर्षाली चिडली. मग खिडकीबाहेर बघत बसली. बाईंचं म्हणणं खरं होतं आणि म्हणूनच ते झोंबलं होतं.

रापणीच्या खोपीत, जाळी ठेवायच्या झोपडीत, पन्नासेक माणसं जमली. ती शास्त्रज्ञ बाईंना बघायला जमली होती. हर्षालीकडे पाहून काहींनी मान फिरवली. रुपेश दाराशी दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला होता. त्याचे केस कानांवर पांढरे झाले होते. मॅडमनी पाणी कसं येतं ते नीट, सोप्या शब्दांत सांगितलं आणि शेवटी पासष्ट टक्के म्हणाल्या.

"म्हणजे पस्तीस टक्के काय्येक होऊचा नाय, असाच मा?" लतामावशीनं विचारलं. रांजणापाशी तिचे दोन पिंजरे होते आणि गावात तिच्या जिभेला सगळे टरकून असत.

"हो. असंच."

खोपीत हशा पिकला. रुपेश हसला नाही. "म्हयनो नाय झालो पिंजरे भायर काडून," तो मॅडमना उद्देशून म्हणाला. "परत आत नेवचे म्हणजे जाळी फाटतली, मासो घाबरतलो, खायनासो होतलो. आणि ह्यां पाणी खयचा? हिच्या गोष्टीतला. हिच्या गोष्टीत आमी एकदा मेलंव. आता मासे मरतले."

हर्षाली उठली. वाटेत मनात जुळवलेली वाक्यं सगळी तयार होती. बाबांचं नाव घ्यायचं, रांजणाचं सांगायचं, आवाज कुठं चढवायचा तेसुद्धा ठरलं होतं. तिनं समोर पाहिलं. ज्यांच्या ओसऱ्यांवर ती वाढली ती ही माणसं, आणि ती तिच्याकडे एखाद्या भोंदूकडे बघावं तशी बघत होती. तिला एकदम रडू आलं आणि वाक्यं कुठल्या कुठं गेली.

"दादा, पाणी येतला काय नाय, तां माका म्हाईत नाय," ती म्हणाली. "मॅडमांका पण म्हाईत नाय. वीस वेळा गणित केला. तेरा वेळा पाणी इला, सात वेळा नाय इला. कदाचित तुमी पिंजरे नेशात आणि काय्येक होऊचा नाय, आणि तुमी माका शिव्या घालशात. मी तेव्हा खोटा लिवलंय. आता खोटा सांगनय नाय. माका इतक्याच म्हाईत आसा."

ती बसली. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं नाही, पण आपला रुमाल पुढे केला.

रुपेश दोराचा सुटलेला पीळ बोटांनी वळत राहिला. मग लतामावशीला म्हणाला, "मावशे, ल्हानपणापासून हिका सगळा म्हाईत. शाळेत बाईंका शिकवी. हिच्या तोंडात 'माका म्हाईत नाय' मी जन्मात आयकूक नाय."

"मगे?"

"मगे काय? उद्या भरतीक रापण लागतली."

रापण म्हणजे सबंध वाडीचं जाळं. होडी अर्धगोल मारून ते पाण्यात टाकते आणि दोन्ही टोकांना गाव दोर ओढतं. हाक आली की कुणी कुणाची वाट बघत नाही, आणि दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो. रुपेशनं पिंजऱ्यांना तोच नियम लावला. पिंजरा याचा की त्याचा हे विचारायचंच नाही. जो ओढील त्याचा वाटा प्रत्येक पिंजऱ्यात, आणि मेलं तर सगळ्यांचं मेलं. ज्यांचे पिंजरे नव्हते तेसुद्धा त्यामुळे कमरेला फडकी बांधून उभे राहिले. मॅडमना हा प्रकार फार आवडला. असलं काही आपल्या गणितात नाही, असं त्या दोनदा म्हणाल्या.

गुरुवारी भरतीबरोबर काम सुरू झालं. होड्या पिंजरे ओढत मुखापर्यंत आणत, आणि वाळूच्या दांड्यावरून बायाबापड्या छातीभर पाण्यात उतरून दोरांनी ते आत घेत. एकेक पिंजरा दांडा ओलांडून खाडीत शिरला की ओरडा व्हायचा. हर्षालीच्या तळव्यांची साल निघाली. मॅडम गुडघ्यापर्यंत साडी खोचून ओळीत शेवटी उभ्या होत्या आणि त्यांच्या ओढण्याचा काडीचाही उपयोग होत नव्हता, पण त्यांना हटकायचं धाडस कुणी केलं नाही.

रुपेशनं स्वतःचा पिंजरा सगळ्यांत शेवटी ठेवला होता. तो मुखाशी पोचेपर्यंत भरती उतरायला लागली. पिंजरा दांड्याच्या कडेला बसला तो बसलाच. शंभर हातांनी ओढूनही तसूभर हलला नाही, आणि पुढची भरती मध्यरात्रीची, काळोखातली.

"ऱ्हवांदे," रुपेश म्हणाला. "बाकीचे गेले. माझो ऱ्हवांदे."

तो हे इतक्या सहज म्हणाला, की हर्षालीला ते सोसेना. तीन वर्षं न बोलणारा हा माणूस तिच्या अर्ध्यामुर्ध्या शब्दावर सबंध गावाचं काम करून आपला पिंजरा मागे ठेवून बसला होता. ती पाण्यातून तशीच मॅडमकडे गेली.

"मॅडम, समजा," ती म्हणाली, "पिंजरा खाडीच्या मुखावरच अडकला. आत जात नाही, बाहेर येत नाही. आणि पाणी आलं."

मॅडमनी ओल्या वाळूत उभ्या उभ्या डोळे मिटले. "दम कोंडलेलं पाणी खारं आणि थंड, म्हणजे जड. ते तळानं येणार. पण इथं खाडीत नदी उतरते. अजून पावसाचं पाणी उतरतंय. ते गोडं, हलकं, ते वरून बाहेर जाणार." त्यांनी हात आडवा धरला. "मुखावर वरचं हातभर पाणी नदीचं असेल. त्यात हवा भरपूर. त्याच्या खाली मरण."

"मग मासे वर राहिले तर?"

"तर जगतील. चोणकाला गोडं पाणी चालतं. पण घाबरला की मासा खाली जातो. त्याला वर राहा म्हणून कोण सांगणार?"

"तेका सांगूक कित्याक व्हया?" रुपेश मागे येऊन उभा होता. "जाळ्याचो तळ उचलूया. खाली जावक जागाच ऱ्हवाची नाय."

मॅडमनी डोळे उघडले आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "गर्दी होईल माशांची. पण पाणी वाहतं आहे. निभावेल, असं मला वाटतं. खात्री नाही."

"आता तां नको सांगू, बाई," लतामावशी म्हणाली. "खात्री नाय तां आमका कळला."

अंधार पडायच्या आत त्यांनी जाळ्याचा तळ चारी बाजूंनी उचलून चौकटीला आवळला. मासे एकमेकांवर दाटीवाटीनं सळसळायला लागले.

शुक्रवारी पहाटे सगळं गाव किनाऱ्यावर होतं. पाणी आलं नाही. समुद्र निळाशार, वारा बेताचा, सकाळ कशी प्रसन्न. मॅडम होडीतून रांजणावर जाऊन प्राणवायू मोजून आल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहे. कालच्याइतकाच." दुपारपर्यंत माणसं पांगली. कुणी टाकून बोललं नाही, पण खोपीपाशी कुणीतरी म्हणालं, "कादंबरीचो दुसरो भाग," आणि बाकीचे हसले. हर्षाली खडपावर एकटी जाऊन बसली. तिला एकदा वाटून गेलं, की येऊ दे ते पाणी, एकदाचं येऊ दे. आणि वाटल्याबरोबर ती शरमेनं लाल झाली. भावाच्या दारात मरण यावं, कशासाठी, तर आपला शब्द खरा व्हावा म्हणून. तिला स्वतःचा मनापासून राग आला. संध्याकाळी ती परत आली तेव्हा रुपेश मुखावर एकटाच पिंजऱ्याच्या गाठी तपासत होता. त्या त्यानं सोडल्या नव्हत्या.

शनिवारी उजाडताना वाडीतली कुत्री किनाऱ्यावर भुंकायला लागली. हर्षाली धावत गेली. पाणी नेहमीसारखंच दिसत होतं, अगदी मॅडमनी लिहिलं होतं तसं. पण पाण्याच्या काठाला काठ राहिला नव्हता. खेकडे पाण्यातून चढून कोरड्या वाळूवर येत होते, थव्याथव्यानं. लेपे, शेंगाळे, वाम, तळाला राहणारं जे जे होतं ते वीतभर पाण्यात येऊन तोंडं वर करून पडलं होतं. नासक्या अंड्यासारखा मंद वास होता. मॅडम होडीतून यंत्र खाली सोडत होत्या आणि आकडा वाचून पुन्हा सोडत होत्या.

"किती?" हर्षालीनं ओरडून विचारलं.

"काही नाही," मॅडम म्हणाल्या. "खाली काहीच नाही."

सगळे मुखाकडे पळाले. रुपेश आधीच पिंजऱ्याच्या चौकटीवर पालथा पडून आत बघत होता. तो हलत नव्हता. हर्षाली पाण्यातून अडखळत त्याच्यापाशी पोचली आणि तिनं आत पाहिलं.

गढूळ, तांबूस, नदीचं पाणी होतं. आणि त्यात दाटीवाटीनं, पाठीला पाठ लावून, शेकडो चोणक कल्ले हलवत होते. बाजूला दहा-बारा मेलेले तरंगत होते. बाकी सगळे जिवंत. तिच्या सावलीनं ते बिचकले आणि एकदम अशी उसळी मारली, की दोघंही डोक्यापासून पायापर्यंत भिजले.

रुपेश उठून बसला. हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला, आणि मग त्याचं त्यालाच कळेना काय चाललंय. "जगले गो," तो म्हणाला. "जगले." खाडीतून लतामावशी हाका मारत येत होती, की आतले सगळेच्या सगळे धड आहेत. हर्षालीनं भावाच्या खांद्यावर डोकं टेकलं. गेल्या तीन वर्षांत इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं.

दुपारी रुपेशच्या पडवीत जेवणं चालली होती. वहिनीनं मेलेल्या चोणकांचं तिखलं केलं होतं. मॅडम काटे काढत बसल्या होत्या, तेही मोजून.

"हे गोष्टीत घालू नका," त्या हर्षालीला म्हणाल्या. "पाणी येणं ठीक आहे. नदीचा थरही ठीक. पण सबंध गावानं एका दिवसात एकमेकांचे पिंजरे ओढले, हे कुणाला पटायचं नाही."

हर्षालीला इतकं हसू आलं की ठसका लागला. तेवढ्यात रुपेशचा फोन वाजला. उत्तरेकडच्या एका बंदरातला रापणीचा मुख्य होता. आडबंदरची बातमी किनाऱ्यानं पोचली होती आणि तो घाबऱ्या घाबऱ्या विचारत होता, की हे पाणी आता आमच्याकडे येणार का.

"माका काय विचारतंस?" रुपेश म्हणाला. "थांब. माझ्या भैणीक विचार. ती सांगता तां आयक."

त्यानं फोन तिच्यापुढे धरला. तिचे हात खरकटे होते, म्हणून तो स्वतःच तिच्या कानाला लावून बसला. मॅडमनी ताट बाजूला सारलं, पिशवीतून कोरा कागद काढून दोघींच्या मधे पसरला आणि पेन्सिल हातात घेतली.

"नमस्कार, काका," हर्षाली म्हणाली. "पाणी येतला काय नाय तां मगे बघूया. पयला माका सांगा, तुमच्या बंदरात खोल खय आसा?"